डावं वळण

भोकरच्या अलीकडे हणमंतरावांच्या शेताला लागून एक मुरमाड माळ होता. त्यात काही पिकायचं नाही. हणमंतरावांचा मुलगा बालाजी पोलीस भरतीसाठी रोज सकाळी तिथं पळायचा, एवढाच त्याचा उपयोग. बालाजी नांदेडला पॉलिटेक्निकात शेवटच्या वर्षाला होता. एक दिवस त्यानं वडिलांना विचारलं, की सुट्टीच्या दिवशी आम्ही माळावर गाडी चालवली तर चालंल का. हणमंतरावांना वाटलं मोटारसायकल असेल. ते हाव, चालवा म्हणाले.

पुढच्या रविवारी पिकअपमधून जे खाली उतरलं त्याभोवती ते एक फेरी मारून आले. चार बुटकी चाकं, जमिनीपासून वीतभर उंचीवर पाइपांचा सांगाडा, मागं भंगारातल्या मोटारसायकलचं इंजिन आणि बसायला पाय कापलेली फायबरची खुर्ची. ना टप, ना दरवाजा. अशा गाड्यांची शर्यत लातूरला होणार आहे, पोरांनी घरी बनवलेल्या गाड्यांची, मराठवाड्यात पहिल्यांदाच, असं बालाजीनं सांगितलं. चालवणार कोण, असं हणमंतरावांनी विचारलं, तर त्यानं समीक्षाकडं बोट दाखवलं.

समीक्षा भोकरचीच. तिचे वडील लिंबाजी रेल्वेत ट्रॅकवर कामाला होते, घर स्टेशनाजवळच्या बौद्धवाड्यात. ती आणि बालाजी एकाच वर्गातले. तिसरा संघपाल. त्याच्या मामाचं गेट-ग्रिलचं दुकान होतं, त्यामुळे वेल्डिंग त्याच्याकडं. इंजिन बालाजीनं बसवलं होतं. समीक्षा वजनानं सगळ्यात हलकी होती आणि तिचा हात सगळ्यात शांत होता. बालाजी गाडी चालवायचा तेव्हा वळणावर मागची चाकं घसरायची. ती चालवायची तेव्हा गाडी रेघ ओढल्यासारखी जायची.

दिवाळीनंतर त्यांनी माळावर जुने टायर मांडून रस्ता आखला. हणमंतराव कधीकधी बांधावर येऊन उभे राहायचे. सिंधुकाकू, बालाजीची आई, पोरांसाठी भाकरी आणि ठेचा पाठवायची. सगळं नीट चाललं होतं.

डिसेंबरात एक दिवस समीक्षानं गाडी थांबवून सांगितलं, की डावीकडच्या मोठ्या वळणावर चेन खडखड वाजून राहिली. बालाजी म्हणाला, तू दोन-तीन फेऱ्या मार, मी वळणाच्या आतल्या बाजूला उभा राहून जवळून बघतो. अंगात त्याचा लाल टी-शर्ट होता. संघपाल डबा घेऊन पेट्रोल गाळत बसला होता.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत समीक्षानं, डोक्यावर हेल्मेट, नजर पुढच्या टायरांवर, वळणावर गाडी जरा आतून घेतली. दण्णकन आवाज झाला, स्टेअरिंगला हिसका बसला आणि लाल काहीतरी तिच्या समोरून पलीकडे पडलं. तिला वाटलं टायर उडाला. गाडी थांबवून ती मागं वळली तेव्हा बालाजी पडला होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला गेला होता.

तो ओरडला नाही. पायाकडं बघत नुसता म्हणाला, "असं कसं झालं."

हणमंतरावांनी त्याच पिकअपमधून त्याला नांदेडला नेलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. पोलीस भरतीचं मैदान दोन महिन्यांवर आलं होतं, ते गेलंच. पुढच्या वर्षी पळता येईल का, असं सिंधुकाकूनं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आधी चालू द्या.

आता हे झालं कसं, हा प्रश्न आला. समीक्षानं जे तिला माहीत होतं ते सांगितलं. बालाजी तिथं नव्हता. वळणावर कुणीच नव्हतं. तो एकदम समोर आला. बालाजी म्हणाला, मी सांगितलं तिथंच उभा होतो, हललोच नाही. संघपालनं काहीच बघितलं नव्हतं. पण समीक्षा खोटं बोलणारी नव्हती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. आणि भर दुपारी, मोकळ्या माळावर, लाल कपड्यातला माणूस दोन हात अंतरावर उभा असताना कुणाला दिसत नाही, हे कसं शक्य आहे? मग एकच अर्थ उरत होता. चेन बघायच्या नादात बालाजीच पुढं सरकला.

दवाखान्यात जो येई तो बालाजीला हेच विचारी. वर्गातले आले, सर आले, त्याचा मामा आला. हणमंतराव तर रोज म्हणायचे, की उभं कुठं राहावं एवढी अक्कल नसंल तर शिकून काय उपयोग. आठवडाभरानं समीक्षा भेटायला गेली, तेव्हा बालाजीनं खोलीतली माणसं बाहेर जाऊ दिली आणि म्हणाला, "माझंच चुकलं असंल. तू मनाला लावून घेऊ नको."

समीक्षाला बरं वाटलं. ती म्हणाली, "असू दे. होतं असं."

गावात मात्र वेगळं चालू होतं. हॉटेलावर काही लोक म्हणायचे, जागा आपली, पाय आपल्या पोराचा मोडला आणि चूक बी आपलीच, हे कुठलं. कोण कुठली पोरगी माळावर आणून बसवली. कुठली, म्हणताना ते काय म्हणतायत हे ऐकणाऱ्याला कळायचं.  हणमंतरावांनी एका सकाळी ट्रॅक्टरला नांगर जोडला आणि तो माळ, ज्यात काही पिकत नव्हतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरून टाकला.

पोरांनी गाडी नांदेडला नेली. पॉलिटेक्निकच्या मागच्या मैदानात उरलेली तयारी झाली. बालाजीची जागा कुणी घेतली नाही, इंजिनाचं कामही समीक्षा आणि संघपालनंच केलं. फेब्रुवारीच्या शेवटी ते लातूरला निघाले. लिंबाजीनं रजा टाकली आणि तोही सोबत गेला. पोरगी काय करते ते त्याला एकदा डोळ्यानं बघायचं होतं.

लातूरच्या बाहेर एमआयडीसीच्या मोकळ्या मैदानावर मांडव घातला होता. उदगीरच्या पोरांनी फवारणी पंपाचं इंजिन लावलेली गाडी आणली होती, ती चालण्यापेक्षा ढकलावीच जास्त लागायची. निलंग्याच्या गाडीवर सीट म्हणून ट्रॅक्टरचं सीट होतं आणि ती पोरं आपसात निम्मं कानडी बोलत होती. लिंबाजी प्रत्येक गाडीजवळ जाऊन, वाकून बघून आला आणि समीक्षाला म्हणाला, की तुमचं वेल्डिंग सगळ्यात साफ हाय.

शर्यत दुसऱ्या दिवशी होती. पहिल्या दिवशी गाड्यांची आणि चालवणाऱ्यांची तपासणी. मांडवाच्या कोपऱ्यात एक तरुण डॉक्टर बसला होता. त्यानं समीक्षाचं ब्लडप्रेशर बघितलं, हातपाय हलवायला लावले आणि खांबाला टांगलेल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं केलं. डावा डोळा झाकून वाचा, म्हणाला. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं.

"आता उजवा झाका."

तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि अंधार झाला.

तिला वाटलं हात दोन्ही डोळ्यांवर पडला. तिनं हात काढला. मांडव, तक्ता, डॉक्टर, सगळं जागच्या जागी होतं. पुन्हा नीट, फक्त उजव्याच डोळ्यावर हात ठेवला. पुन्हा तेच. पार काळोखही नव्हता, मळकट धुरासारखं काहीतरी होतं आणि त्यात ना तक्ता होता ना खांब. तिनं दुसऱ्या हाताचं बोट हळूच डाव्या डोळ्याजवळ नेलं. पापणीला बोट लागलं. डोळा उघडा होता.

"वाचा ना," डॉक्टर म्हणाला.

"डोळा उघडा हाय का माझा?" तिनं विचारलं.

डॉक्टर उठून जवळ आला. त्यानं डाव्या डोळ्यासमोर बोटं धरली आणि किती आहेत ते विचारलं. तिला बोटंच दिसत नव्हती. बॅटरी मारली तेव्हा उजेड कळला, तेवढाच. कधीपासून असं आहे, असं त्यानं विचारलं.  कधीपासून, हा प्रश्नच तिला लागू होत नव्हता. दहा मिनिटांपूर्वी तिला दोन डोळे होते.

त्यानं तिला लातूर शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. लिंबाजी सोबत रिक्षात बसला. वाटेत तो दोनदा म्हणाला, काही न्हाई, धूळ गेली असंल. दवाखान्यातल्या डॉक्टर उज्वलाबाई वयानं मोठ्या होत्या आणि सावकाश बोलायच्या. थेंब टाकून, अंधाऱ्या खोलीत यंत्रावर हनुवटी टेकवून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग सांगितलं, की डाव्या डोळ्याच्या मागचा पडदा सुटलेला आहे. आजकालचा नाही, फार जुना आहे. लहानपणी कधीतरी मार लागला असेल. वरून डोळा चांगला दिसतो, दुखत नाही, म्हणून कळलं नाही. दुसऱ्या डोळ्यानं सगळं काम उचललं. आता इतक्या वर्षांनी ऑपरेशन करून उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतं.

लिंबाजीनं भोकरला फोन लावून बायकोला विचारलं, लहानपणी पोरीला डोळ्याजवळ कधी लागलं होतं का. धुरपताबाईला काही आठवेना आणि मग खूप काही आठवायला लागलं. पाळण्यातून पडली होती. इस्लापूरला मामाकडं बैलगाडीच्या जुवावर आपटली होती. शाळेत चेंडू लागला होता. लेकरू पडत नाही का, ती म्हणाली आणि रडायला लागली. आणि रडता रडताच म्हणाली, कुणाला सांगू नका. उद्या लग्नाला उभी केली तर लोक काय म्हणतील.

फोन ठेवून लिंबाजी बाकड्यावर बसला. उज्वलाबाईंना म्हणाला, "रेल्वे माझे डोळे तपासती बाई, ठरल्या वेळेला. न बघता ट्रॅकवर पाय ठेवू देत न्हाई. अन् घरच्या लेकराचे मी एकदा बी तपासले न्हाईत."

समीक्षा अजून खुर्चीतच होती. तिला एकेक गोष्ट कळत होती. माय लहानपणापासून ओरडायची, मान वाकडी करून काय बघतीस. ती वर्गात कायम बाकाच्या डाव्या टोकाला बसायची, सगळ्या मैत्रिणी उजवीकडं. सुईत दोरा ओवताना तिला इतरांपेक्षा वेळ लागायचा. हे सगळं तिच्या स्वभावातलं आहे असं तिला वाटत आलं होतं. आणि मग तिला माळावरचं वळण आठवलं.

"मॅडम," ती म्हणाली, "डोक्यावर हेल्मेट असलं, मान वळवता येत नसली, अन् एक माणूस माझ्या डाव्या हाताला उभा असला, तर?"

उज्वलाबाईंनी तिला सरळ भिंतीकडं बघायला लावलं. दोन्ही बाजूंनी गालाजवळ कागद धरले, हेल्मेट असतं तसे. मग पेन घेऊन हात डाव्या कानाकडून हळूहळू पुढं आणला आणि दिसलं की सांग म्हणाल्या. समीक्षा वाट बघत राहिली.  पेन एकदम नाकाच्या डाव्या कडेला उगवलं, कुठूनही न येता.

"दिसलं."

"एवढं पुढं आल्यावर," बाई म्हणाल्या. "त्याच्या मागं उभा असलेला माणूस तुला दिसणार नाही. तुझ्यासाठी तो तिथं नसतोच. एकदम समोर येतो."

हेच शब्द समीक्षानं दवाखान्यात, वर्गात, सरांसमोर, बालाजीच्या आईसमोर सांगितले होते. नव्हताच, एकदम समोर आला. ती खुर्चीवरून उठली, दारापर्यंत गेली आणि तिथंच भिंतीला धरून खाली बसली. लिंबाजीला वाटलं डोळ्याच्या दुःखानं बसली. तो पाणी घेऊन आला. ती म्हणाली, "बा, तो खरं बोलत होता." कोण, हे त्याला लगेच कळलं नाही.

मैदानावर परत आल्यावर तिनं संघपालला सगळं सांगितलं. तो आधी हसला, थट्टा करते असं समजून. मग बराच वेळ तिच्या डाव्या डोळ्याकडं बघत राहिला आणि आपण बघतोय हे लक्षात येऊन त्यानं नजर वळवली. त्यानंच हळू आवाजात सुचवलं, की इतके दिवस चालवलीस ना, उद्याची एक शर्यत चालव, डॉक्टरला मी समजावतो. समीक्षानं हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि त्याच रात्री लिंबाजीसोबत भोकर गाठलं. दुसऱ्या दिवशी संघपालनं गाडी चालवली. ती अर्ध्यातच बंद पडली, असं त्यानं फोनवर सांगितलं. समीक्षानं बरं म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तेव्हा ती हणमंतरावांच्या अंगणात उभी होती.

अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. बालाजी ओसरीवर, कुबडी बाजूला ठेवून, कसलं तरी भरतीचं पुस्तक वाचत होता. लिंबाजीनं बाहेरूनच जयभीम घातला. हणमंतराव रामराम म्हणाले, पण बसा म्हणाले नाहीत. समीक्षानं उभ्यानंच सांगितलं. मांडवातला तक्ता, पडदा, पेन, सगळं. सांगताना मध्ये थांबली नाही, थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं.

हणमंतराव म्हणाले, "डोळे तर चांगले हायत की पोरीचे."

 बालाजीनं कुबडी घेतली, ओसरीवरून उतरला आणि हळदीच्या कडेकडेनं चालत तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "उजवा झाक."

तिनं झाकला.

"काय दिसून राहिलं?"

"उजेड हाय," ती म्हणाली. "दुसरं काहीच न्हाई."

"मी कुठं उभा हाय?"

"आवाज जवळून येतो. दिसत न्हाई."

त्यानं कुबडी उचलून तिच्या तोंडासमोर हलवली. ती हलली नाही, पापणीसुद्धा लवली नाही. सिंधुकाकूनं तोंडाला पदर लावला. बालाजीनं कुबडी खाली टेकली. 

"अण्णा," तो वडिलांकडं न बघता म्हणाला, "मी हललो नव्हतो."

हणमंतराव ओसरीच्या पायरीवर बसले.

"पहिल्या दिवशी मला पक्कं माहीत होतं," बालाजी सांगत राहिला. "मग तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलं, इतक्यांदा विचारलं, की मलाच दिसाय लागलं. मी पाय पुढं टाकून राहिलो, असं. सपनात बी मी पुढं सरकायचो. मी माझ्याच डोळ्यानं बघितलेलं खोटं धरलं."

 डोळा गेल्याचं कळलं तेव्हा समीक्षा हादरली होती, पण ते तिच्यापुरतं होतं. इथं एक धडधाकट माणूस, तिच्या शब्दावर विश्वास ठेवून, स्वतःवरचा विश्वास घालवून बसला होता. आणि तिनं त्याला दवाखान्यात असू दे म्हणून माफही करून टाकलं होतं. ती म्हणाली, "माफ कर मला."

"लगेच न्हाई होणार," बालाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "एक कर. हे हॉटेलावर जाऊन सांग. मी सांगितलं तर म्हणतील, आता डोळ्यावर ढकलून राहिला."

लिंबाजीनं पोरीकडं बघितलं. धुरपताबाईनं सकाळी निघताना पुन्हा हात जोडून सांगितलं होतं, की बालाजीच्या घरापुरतं ठेव, गावात बोलू नको. तो म्हणाला, "तुझी तू ठरव. मी सोबत हाय."

हॉटेल फाट्यावर होतं. दहा-बारा लोक बसले होते. समीक्षाला वाटलं होतं आपण दोघंच जाऊ, पण मागून पायताणांचा आवाज आला. हणमंतराव येत होते, डोक्याला पटका न बांधता, तसेच. ते हॉटेलासमोर येऊन तिच्या बाजूला उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, चहा खाली ठेवा जरा, ही काय म्हणती ते ऐका.

तिनं सांगितलं. बालाजी त्याच्या जागेवर उभा होता. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. लहानपणापासून दिसत नाही आणि मला ते माहीत नव्हतं. गाडी माझ्या हातून त्याच्या पायावर गेली.

 सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, कुठला डोळा ते शोधत होते. एका म्हाताऱ्यानं आपल्याच उजव्या डोळ्यावर हात ठेवला, समोर बघितलं, मग हात बदलून डाव्यावर ठेवला. त्याच्या शेजारच्यानं तेच केलं. बघता बघता अर्धं हॉटेल एकेक डोळा झाकून रस्त्याकडं बघायला लागलं.

धुरपताबाई महिनाभर नवऱ्याशी नीट बोलली नाही. समीक्षाच्या लग्नाची एका घरी बोलणी चालली होती, ती थांबली. का थांबली ते त्या लोकांनी सांगितलं नाही, पण विचारायचीही गरज नव्हती. पुढं लिंबाजीनं घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासून आणले, तेव्हा बायको मुकाट्यानं सोबत गेली.

समीक्षाचं एक विचित्र झालं. इतकी वर्षं तिला डावीकडं काही कमी आहे असं कधी वाटलं नव्हतं. आता रस्त्यात डाव्या बाजूनं कुणी आलं, की ती जागीच थबकायची. एसटीत डावीकडं बसलेला माणूस बोलला, की ती दचकायची. ज्या बाजूला ती एवढी वर्षं बेफिकीर चालली, त्या बाजूची तिला भीती वाटायला लागली. उज्वलाबाई म्हणाल्या, कळलंय ना आता, म्हणून. हळूहळू सवय होईल.

तिनं गाडी पुन्हा चालवली नाही. बालाजी उन्हाळ्यात कुबडी सोडून चालायला लागला, पण जरा लंगडत. भरतीचं पुस्तक त्यानं बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या परीक्षेचं आणलं. त्या दोघांचं बोलणं थोडंच व्हायचं. भेटला तर तो आधी दुरून हाक मारायचा, मग जवळ यायचा.

जूनमध्ये त्यानं फोन केला. त्यानं विचारलं, की लातूरला गाडी कशानं बंद पडली, ते तुम्ही बघितलं का. चेन उतरली होती, ती म्हणाली.  बालाजी म्हणाला, चेनचं मागचं दातेरी चक्र सरळ रेषेत बसलेलंच नव्हतं, मी तेच बघायला उभा होतो. रविवारी गाडी इकडं आण, खोलून बघू.

माफीबद्दल तो काही म्हणाला नाही. तिनंही विचारलं नाही. संघपालला फोन करून तिनं पिकअप सांगायला लावली.